मंगलीची चार झाडं

मोहाच्या झाडाला आमच्याकडे धनी दोन. जमीन ज्याची तो एक, आणि फुलं ज्याची तो दुसरा. माझ्या वीस एकर सागात मोहाची चार झाडं होती. जमीन माझी, फुलं मंगलीची, तिच्या सासूच्या सासूपासून. नवरा गेल्यावर वर्षातले दोन-तीन महिने ती त्या फुलांवरच काढायची. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गुणवंतरावांनी जंगलखात्यात तीस वर्षं काढली, आणि त्यांना हे ठाऊक नसावं?

खोटं कशाला बोलू, त्यांना मीच आणलं. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या सालची गोष्ट. पेन्शनीत निघाल्यावर हे गृहस्थ चांद्याहून खाजगी जंगलवाल्यांची कामं बघत. झाडं मोजायची, तोडीच्या खुणा करायच्या, परवाना आणायचा, तोडीनंतर नवी रोपं लावून द्यायची. माझा साग दाटीनं काठीसारखा वाढला होता. त्यांनी पाहिल्याबरोबर सांगितलं, "देवाजी, अर्धा काढा, उरलेला पोसेल." बरोबर बोलले. माणूस कामात पक्का होता, त्याचाच तर जास्त संताप येतो.

तोडीची यादी घेऊन ते आले तेव्हा देवळात हरदासबुवा कीर्तनाला उभे राहिले होते. झांजा वाजल्या की माझा पाय घरात ठरत नाही. "वाचून घ्या," ते म्हणाले. मी म्हटलं, "तुम्हाला कळतं ते मला काय कळणार?" आणि भिंतीला कागद लावून सही ठोकली. बुवांनी त्या दिवशी भूतदयेवर निरूपण केलं. मी डोळे पुसत ऐकलं.

फाल्गुनात मोह कळीवर आला, आणि एका सकाळी मंगली अंगणात धावत आली.

"देवाजीभाऊ, माहे झाडं काऊन तोडून राह्यले?"

आम्ही पोचलो तोवर एक झाड आडवं झालं होतं. कळ्यांचे घोस मातीत चिरडलेले. दुसऱ्याच्या बुडाला लाकूडतोड्या सुकलूची कुऱ्हाड लागली होती.

"थांब रे!" मी ओरडलो. "कोनाचं झाड हाय हे, तुले माहीत नाई?"

सुकलू गोंधळला. "सायबानं तुमची सही दाखवली. आमाले वाटलं, बाईनंच झाडं सोडले असंन. त्याबिगर तुमी सही कराल काऊन?"

मी गुणवंतरावांकडे वळलो. ते सागाला टेकून यादीवर खुणा करत होते.

"तीस वर्षं जंगलात झोपले होते का हो तुम्ही?"

"शब्द सांभाळा. मोहाच्या सावलीत साग वाढत नाही. फुलांचा हक्क कुठल्या कागदावर आहे, दाखवा."

"बुडाशी बघा! फुलं वेचायला पाचोळा झाडून जमीन लख्ख केली आहे. ती हक्काची खूण वाचता येत नाही?"

"ही यादी परवान्याला जोडली आहे. एक झाड जरी वगळलं तरी मी काम सोडतो. मग बसा साग सडवत."

"सोडा! आत्ताच सोडा!"

त्यांनी यादीची घडी केली, बैलांच्या दमणीत बसले आणि निघून गेले. उरलेली तीन झाडं वाचली, म्हणून मी जरा छाती काढून मंगलीकडे पाहिलं. ती माझ्यावरच तुटून पडली.

"त्याच्यावर काय बोंबलता? तो तर परका. सही कोनाची? एवढं कीर्तन आयकता, त्यात आयकता तरी काय तुमी?"

"दोन पायल्या तांदूळ घेऊन जा, बाई," एवढंच म्हणालो.

"भीक नोको मले. खळ्याजवळचा तुमचा मोह द्या, गेल्याच्या बदल्यात. सुकलूच्या समोर बोला."

त्या झाडाची फुलं माझी बायको वेचते. क्षणभर जीभ अडली, आणि त्या अडण्याचीच मला चीड आली.

"दिला."

ती थेट खळ्यावर गेली. पळसाची फांदी मोडून झाडाखालचा पाचोळा लोटू लागली. मीही शरमेनं वाकलो, दोन्ही हातांनी पानं गोळा करायला लागलो.

"हात नोका लावू!" ती कडाडली. "जो झाडते त्याचं झाड. व्हा तिकडं."