काशीराम ड्रेसरची पट्टी

“जनावराचा प्रकार काय लिहू?” काशीरामने विचारलं.

“कासव,” चांगू म्हणाला.

“ते दिसतंय रे. पण ह्या वहीत गाय, म्हैस, बैल, शेळी, कोंबडी नि इतर, एवढंच हाय.”

“मग इतर लिही.”

“इतरमधे मागल्या महिन्यात सरपंचाचा कुत्रा लिवलाय. त्याच्याखाली घालू हिला?”

“घाल बाबा कुठं पण. पण हात लाव आधी.”

टेम्पोच्या हौद्यात ओल्या बारदानावर ती पडली होती. परातीएवढी पाठ, म्हाताऱ्या बाईसारखा सुरकुतलेला गळा, आणि डोळ्यांतून एकसारखं पाणी. पुढचं उजवं वल्हं, म्हणजे तिचा पोहायचा पाय, जाळ्याच्या दोरीने हाडापर्यंत कापलं होतं.

कोंडशेतचा गुरांचा दवाखाना महाड आणि पोलादपूरच्या मधे, महामार्गाला लागून होता. डॉक्टर वैदेहीबाईंकडे दोन दवाखाने असल्यामुळे त्या इथे मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. पंचक्रोशीतली शहाणी जनावरं त्याच दिवशी आजारी पडत. उरलेली काशीरामच्या वाट्याला यायची. आज बुधवार होता.

काशीरामचा सरकारी हुद्दा व्रणोपचारक. हा शब्द एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या तोंडून एकदाही धड निघाला नव्हता. लोक ड्रेसर म्हणत. कशेडी घाटात ट्रकने ठोकरलेलं ढोर असो की बांधावरून पडलेला बैल, काशीरामने बांबूच्या कामट्या लावून पट्टी बांधली की हाड बसायचंच. पट्टी बांधताना त्याचा एक नियम होता. दुखरा पाय बांधला की चांगलाही बांधायचा. नाहीतर जनावर चांगल्या पायाने झाडतं आणि पट्टी सोडवतं. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. तो त्याने लाथा खाऊन मिळवला होता.

चांगूच्या मेव्हण्याचा बैल याच पट्टीवर उभा राहिला होता. म्हणूनच चांगू मंडणगडची वळणं उतरून समुद्रावरचं हे जनावर डोंगराच्या पायथ्याला घेऊन आला होता.

“तिकडं डॉक्टर नाय?” काशीरामने विचारलं.

“खुर्ची हाय. डॉक्टर यायचा हाय, चार वरसं झाली. आमच्या कमिटीत ठराव केला, काशीरामकडंच न्यायची.”

चांगूच्या वेळशेत गावात दोन वर्षांपूर्वी कासवांसाठी कमिटी झाली होती. त्याआधी चांगू हीच अंडी वाळूतून काढून बाजारात विकायचा. राखण्या नेमायची वेळ आली तेव्हा गावाने एकमताने त्यालाच नेमलं. घरटं कुठे असतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? आता तो अंडी जाळीच्या कुंपणात पुरायचा, वर टोपली पालथी घालायचा आणि सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पिल्लं निघालीत का ते बघायचा. बायको म्हणायची, पोटच्या पोरांकडं एवढ्यांदा बघितलं नाय कधी.

“अंडी घालायलाच येत होती,” चांगू म्हणाला. “पोटात भरलेली हाय. आधी ही वाचली पायजे, मग सगळी.”

काशीरामने जखम धुतली. औषध भरलं. कामट्या तासून वल्ह्याच्या आकाराच्या केल्या, कापूस घातला, पट्टी बांधली. मग रीतीप्रमाणे डावं वल्हंही अंगाशी आवळून टाकलं. पट्टी इतकी देखणी झाली की रस्त्यावरून जाणारा एसटीचा ड्रायव्हरसुद्धा गाडी हळू करून बघून गेला.

“आता?”

“आता वरून पाणी मारत राहा. बारदान सुकू देऊ नको. शुक्कारी बाईंना दाखव. मला निघाला पायजे, सांजची टोपली उचलायची हाय. सतरा घरटी हायत.”

टेम्पो गेला. काशीराम तासभर तांब्याने पाणी मारत बसला. नऊच्या सुमाराला मोटारसायकल येऊन थांबली. जवळच्या कापडे गावातल्या येसाजीचा पुतण्या यशराज, महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता. अंगावर अजून कारखान्याचा निळा शर्ट होता.

“काका, चला. म्हस आडली हाय. वासराचा एकच पाय भायेर. एकदम सिरीयस मामला हाय.”

“माझ्याकडं पेशंट हाय रे.”

यशराजने बघितलं. “ह्यो? हे काय दूध देणार हाय?”

येसाजीकडे ती एकच म्हैस होती. काशीरामने म्हशीचा विचार केला, मग कासवाचा. पाणी कोण मारणार? दवाखान्यात त्याच्याशिवाय दुसरा माणूस नव्हता. चांगूकडच्या डॉक्टरसारखाच इथला शिपाईही अजून यायचा होता.

मग त्याची नजर अंगणातल्या सिमेंटच्या हौदावर गेली. गुरांना पाणी पाजायचा, कंबरभर खोल. पाण्यातलं जनावर पाण्यात ठेवलं तर पाणी मारायचा प्रश्नच मिटतो. इतकी साधी गोष्ट चांगूला सुचली नाही याचं त्याला नवल वाटलं. समुद्राकाठची माणसं, पण डोकं चालवायचं नाव नाही.

पण हौदाचं पाणी गोडं. त्याने समोरच्या वाण्याकडून खडेमिठाची दहा किलोची गोण आणली आणि थोडं थोडं मीठ घालून, ढवळून चव बघत राहिला. समुद्राची चव त्याने जन्मात एकदाच घेतली होती, हरिहरेश्वरला, बापाची रक्षा सोडताना. ती नीट आठवेना. शेवटी बायकोच्या, सुंदराबाईच्या, आमटीपेक्षा खारट लागलं तेव्हा थांबला. दोघांनी मिळून कासवीला उचलून अलगद पाण्यात सोडलं. ती सावकाश तळाला जाऊन बसली.

“बघ कशी निवांत झाली,” काशीराम म्हणाला.

कावळ्यांनी टोचू नये म्हणून हौदावर त्याने पत्रा टाकला आणि मोटारसायकलवर मागे बसला.

कापड्याला येसाजी गोठ्याच्या दाराशी उकिडवा बसला होता. आत म्हैस कण्हत होती. काशीरामने सदरा काढला, हात खांद्यापर्यंत तेलात माखला आणि आत घातला. वासराचा दुसरा पाय मागे मुडपला होता. पाऊण तास लागला. रेडकू बाहेर पडलं ते निपचित. त्याने मागच्या पायांनी त्याला उलटं धरलं, नाकातोंडातला चिकटा काढला, छाती चोळली, नाकपुडीत फुंकर घातली. रेडकू शिंकलं.

“पारडी हाय गो!” येसाजीने घराकडे तोंड करून आरोळी ठोकली. आतून बायकोने चहा पाठवला. येसाजीने काशीरामचे तेलकट हात हातांत धरले.

“सोड रे. अजून एक पेशंट हाय मला,” काशीराम म्हणाला. तो खुशीत होता. इतकी चांगली सकाळ त्याला नोकरीत क्वचितच मिळाली होती.

बारा वाजता तो परत आला. पत्रा सरकवला. कासवी सोडली होती तिथेच होती. पट्टी जराही हलली नव्हती. मान मात्र खाली लोंबत होती.

यशराज अजून गेला नव्हता. दोघांनी तिला बाहेर काढलं. काशीरामने काही विचार न करता पारडीचं केलं तेच केलं. तिला मागून उचलून डोकं खाली केलं. नाकातून, तोंडातून पाणी आलं. खारं पाणी, बरंच. थांबून परत आलं.

महापुरात वाहून आलेली गुरं काशीरामने पुष्कळ बघितली होती. असं पाणी कुठून येतं हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

“काका, पाण्यातलं जनावर पाण्यात कसं मरंल?” यशराज म्हणाला.

काशीराम कात्रीने डाव्या वल्ह्याची पट्टी कापत होता. गाठ पक्की होती. कात्री दोनदा सटकली. वल्हं सुटलं आणि खाली पडलं. वर येऊन श्वास घ्यायला तिला ते लागलं असतं.

मग त्याने मागच्या पायाशी, मऊ कातडीवर तळहात ठेवला. आत गोट्या गोट्या लागल्या.

“यशराज, आतून सुरी आण. नि टोपली. नि गवात, ओलं करून.”

मेलेलं जनावर उघडायचा अधिकार फक्त डॉक्टरला. व्रणोपचारकाने चाकू धुऊन पुढे करायचा, एवढंच. एकतीस वर्षांत काशीरामने हा नियम मोडला नव्हता. त्याने ती उघडली. एकशे चार अंडी निघाली, पांढरी, मऊ, पिंगपाँगच्या चेंडूएवढी. एकेक करून त्याने ती गवतात ठेवली.

यशराजने त्याला महाडच्या स्टँडवर सोडलं. एसटीत टोपली मांडीवर घेऊन तो बसला.

“काय हाय आजोबा?” कंडक्टरने विचारलं.

“अंडी.”

“गावठी? कशी डझन?”

“विकायची नायत.”

पहिल्याच खड्ड्याला टोपली हादरली, तसा तो उठला. मग मंडणगडपर्यंत आणि पुढे वेळशेतपर्यंत, सीट रिकामी असताना, तो टोपली दोन्ही हातांवर अधांतरी धरून उभा राहिला. गुडघे वाकवून धक्के अंगावर घेत होता. बाकीच्या उतारूंनी त्याला वेडा ठरवलं आणि मग ते झोपले.

सूर्य कलताना तो कुंपणाशी पोचला. चांगू संध्याकाळच्या टोपल्या उचलत होता. त्याने काशीरामकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं.

“गेली?”

“मी पाण्यात ठेवली तिला. हात बांधून.”

चांगूने हातातली टोपली खाली ठेवली. मग म्हणाला, “मी पण सांगाया पायजे होता. मला वाटला, म्हायती असंल.”

“मला काय म्हायती असणार? मी डोंगरातला.”

“हं. बरं, दे हिकडं. उन्हात नव्हती ना ठेवलीस?”

चांगूने वाळूत हातभर खोल, घागरीसारखा खड्डा केला, तोंडाशी निमुळता आणि खाली पोटाला रुंद. काशीरामने अंडी ठेवली. वाळू लोटली. वर टोपली पालथी घातली.

“लागतील?”

“कोण सांगंल? आईच्या पोटातून काढलेली आमी कदी पुरली नायत. पंचावन्न दिस बघायचे.”

शुक्रवारी डॉक्टर वैदेहीबाईंनी वहीतली कासवीची नोंद वाचली. दोनदा वाचली.

“काशीराम, हे खोडा. ‘मृतावस्थेत आणले’ असं लिहा. संरक्षित प्राणी आहे. तुम्ही उघडलात म्हणून तुमच्यावर कागद निघेल. महिना-दोन महिने राहिलेत तुमचे.”

“जिवंत आणली होती, मॅडम.”

“मला माहीत आहे. पण गेलेलं परत येणार आहे का?”

“नाय.”

“मग?”

“म्हशीला मी पाण्याखाली बांधून ठेवली नसती, मॅडम. तेवढा इचार हिचा नाय केला. ते तरी लिवलेलं ऱ्हाऊ दे.”

बाईंनी वही मिटली. कागद निघाला. खुलासा मागवला गेला, दिला गेला आणि जिथे खुलासे जातात तिथे पोचला. एकतीस मार्चला काशीराम निवृत्त झाला. निरोपसमारंभात शाल, श्रीफळ आणि चार भाषणं झाली. काशीरामची पट्टी आजवर कधी सुटली नाही, असं शेवटचे वक्ते म्हणाले. टाळ्या पडल्या. काशीराम उठून पाणी प्यायला बाहेर गेला.

दर आठवड्याला तो समोरच्या बूथवरून वेळशेतच्या दुकानात फोन करायचा. पंचावन्न दिवस झाले. साठ झाले. चांगू दर वेळी म्हणायचा, “बघतोय रे. थंडीत लागतो येळ.” एप्रिल उजाडला होता आणि अंगाची लाही होत होती, तरी तो थंडीच म्हणायचा.

पासष्ट दिवस झाले की घरटं उकरून बघायचं, असा कमिटीचा नियम होता. त्या दिवशी काशीराम पहिल्या गाडीने निघाला आणि संध्याकाळी कुंपणात शिरला. नेमकी शेजारच्या घरट्यातली पिल्लं त्याच दिवशी निघाली होती आणि ती सोडायची म्हणून अर्धं गाव किनाऱ्यावर जमलं होतं. मुलं ओरडत होती. कमिटीच्या बाई नारळ घेऊन उभ्या होत्या.

“तू नको, मी बघतो,” चांगू म्हणाला.

“तू सर बाजूला.”

काशीरामने बाही दुमडली आणि हात खांद्यापर्यंत वाळूत घातला. आत ऊब होती. बोटांना पहिलं अंडं लागलं. ते आत दबलेलं होतं, हलकं. त्याने एकेक वर काढलं आणि रांगेत मांडलं. पिवळी पडलेली, सुरकुतलेली. नव्वदाच्या पुढे एक जड लागलं. त्याने नखाने ते उघडलं. आत पिल्लू होतं. पाठ, डोकं, दोन्ही वल्ही, सगळं घडलेलं. अंगठ्याएवढं. वल्ही पोटाशी घट्ट मिटलेली.

काशीरामने ते तळहातावर घेतलं. अंगठ्याने एक वल्हं हळूच उलगडलं, मग दुसरं. सोडल्यावर ती तशीच पसरलेली राहिली.

“कधी गेला असंल?” त्याने विचारलं.

“दोन-चार दिस झालं असतील,” चांगू म्हणाला.

उरलेली अंडीही त्याने काढली. एकशे चार भरली. मग पिल्लू मधे ठेवून सगळी परत खड्ड्यात घातली आणि वाळू लोटली.

पलीकडून हाका आल्या. चांगूला बोलावत होते. टोपलीतली पिल्लं वळवळत होती, सूर्य टेकला होता आणि पाण्यापर्यंतची वाळू माणसांच्या पायांनी तुडवून खड्डेच खड्डे झाली होती.

“पाऊल उमटला की पिलू त्यात अडाकतं,” चांगू काशीरामला म्हणाला. त्याच्या हातात लांब फळी होती. “वाट सपाट करायला लागते. मी पिलांकडं बघतो. तू करशील?”

काशीरामने चपला काढून बाजूला ठेवल्या. फळी घेऊन तो पाण्याच्या काठापर्यंत गेला, तिथून वळला आणि समुद्राकडे तोंड करून, वाकून, एक एक पाऊल मागे सरकत, वाळूवर उमटणारी आपली पावलं पुसत वर येऊ लागला.