पाठीमागचं टेबल

"गेला बघा तुमचा बॉल," मावशी स्वयंपाकघरातूनच म्हणाली.

जावई टीव्हीसमोर मांडी ठोकून बसला होता. "कुठे गेला? चांगला वर आहे की अजून..." एवढं त्याच्या तोंडून निघेपर्यंत पडद्यावरचा तो चकचकीत बॉल त्याला उडवणाऱ्या दोन पंजांच्या मधून सुळकन खाली गेला. जावयाने मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघरातून टीव्ही दिसत नाही. मावशी ओट्यापाशी स्टुलावर बसून मटार सोलत होती.

"मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

"ती खालची बारकी घंटी वाजली ना. ती वाजल्यावर बॉल वाचलेला मी तरी कधी ऐकला नाही."

जावई, म्हणजे तिच्या भाचीचा नवरा, कवळ्या बनवणारा माणूस. दिवसभर दुसऱ्यांच्या दातांना कानस मारायची आणि संध्याकाळी टीव्हीवर काहीतरी खेळायचं, हा त्याचा शिरस्ता. त्या आठवड्यात त्याने एक नवा गेम आणला होता. एके काळी हॉलमध्ये उभं राहून खेळायची पिनबॉलची जुनी टेबलं त्यात जशीच्या तशी उतरवली होती. तीच चित्रं, तेच दिवे, तेच आवाज. त्यातलंच 'पाणबुड्या' नावाचं टेबल त्याने त्या दिवशी उघडलं होतं.

आणि मावशी म्हणजे साक्षात टोकनमावशी. गेमच्या हॉलमध्ये तिने उभी हयात टोकनं विकली. भाची मावशी म्हणे ते ऐकून ती सगळ्या हॉलची मावशी झाली, तिच्याहून वयाने मोठे बाप्येही तिला मावशीच म्हणत. तिचं लग्न राहून गेलं. का राहिलं म्हणून कोणी विचारलंच तर ती म्हणे, "वेळच नाही झाला हो." हॉल बंद पडला तेव्हा भाचीने तिला आपल्याकडे आणलं, आणि बरं झालं आणलं, नाहीतर एकटी राहून तिने भिंतींनाही प्रश्न विचारून भंडावून सोडलं असतं. अशी चौकस बाई.

ती हात पुसत बाहेर आली आणि सोफ्याच्या कडेवर टेकली. "परत लावा पाहू."

जावयाने बॉल सोडला. टर्र्र असा आवाज आला आणि मावशी पुढे वाकली. "थांबा! हे काय वाजलं?"

"हा पत्रा. बॉल खालून गेला की फिरतो."

"एवढासा? अगं बाई! मला वाटायचं, घोडा असेल कुठेतरी."

"पाणबुड्याच्या टेबलात घोडा?"

"मला काय माहीत पाणबुड्या आहे? मी आपली पाठ करून बसलेली!"

खरंच होतं ते. ती बसायची ते टोकनांचं खोकं दाराकडे तोंड करून होतं आणि मागच्या बाजूला प्लायवूड. मालकाचं म्हणणं, चोर दारातून येतो, नजर दारावर पाहिजे. त्या प्लायवूडला अगदी चिकटून हे टेबल. म्हणजे वर्षानुवर्षं ते तिच्या पाठीमागे वाजलं, आणि त्यात काय चालतं ते तिने बघितलंच नव्हतं. नोकरांनी खेळायचं नाही हा नियम होता आणि कामाच्या वेळेबाहेर दिवे बंद. आता ती लहान पोरीसारखी एकेक आवाज आणि एकेक वस्तू जुळवत बसली. ही घंटी त्या शिंपल्याची. हा गडगडाट म्हणजे वर रबराच्या टोप्यांमध्ये बॉल अडकला की होतो तो. मटार तसेच राहिले.

"आणि ते शेवटचं कधी येतं?" तिने विचारलं.

"शेवटचं कुठलं?"

"टक, टकटक. हळू. डाव संपला की मग यायचं. सारखं नाही हं. दिवसाकाठी एकदाच, दिवेलागणीच्या सुमाराला. मला वाटतं, कोणी फार छान खेळलं की टेबल शाबासकी देत असणार. मी पण उत्तर द्यायचे त्याला. टोकन घ्यायचं आणि फळीवर वाजवायचं, टक टक."

भाची आतून हसत आली. "मशीनशी बोलायचीस तू?"

"मग कोणाशी बोलू? आठ-आठ तास त्या खुराड्यात बसून बघ म्हणजे कळेल. आणि एकदा काय झालं, ते वाजायचं बंदच झालं. मी मिस्त्रीच्या मागे लागले, अहो, बिघडलंय ते, बघा जरा. त्याने दोनदा उघडलं. म्हणे मावशी, काही बिघाड नाही. मी त्याला असं फैलावर घेतलं! म्हटलं, पगार कसला घेता? शेवटी बिचारा मी दिसले की वाट बदलायला लागला."

तिघंही हसले. पण मावशीच्या डोक्यात तो किडा शिरला तो शिरलाच. त्या आवाजाशिवाय तिला आता चैन पडेना. हॉलमधल्या इतक्या वर्षांत आपलं असं काही होतं तर तेवढंच एक, असं तिला वाटत आलं होतं, आणि ते काय होतं हे आता समोरच्या पडद्यात कुठेतरी दडून बसलं होतं. जावई कामाला गेला की ती स्वतःच कंट्रोलर हातात घेई. सुरुवातीला तिला डावं-उजवं कळेना. मग कळायला लागलं तसा तिला नादच लागला. एकदा बॉल खाली जाताना बघून तिने, हॉलमधले बाप्ये टेबलाला मारायचे तशी, टीव्हीखालच्या कपाटाला अशी काही थाप दिली की वरची फुलदाणीच खाली आली.

"मावशी!" भाची ओरडली. "हॉल मालकाचा होता, हा टीव्ही आपला आहे!"

"बॉल वाचला ना पण?"

"नाही वाचला!"

हळूहळू तिचा हात बसला. जावयापेक्षा जास्त गुण व्हायला लागले. जावई तोंडाने "वा मावशी" म्हणे आणि मनातून जरा खट्टू होई. शिंपला उघडला, खजिना मिळाला, आठ पायांचा तो समुद्रराक्षसही हरला. प्रत्येक वेळी मावशी श्वास रोखून बसे. एकदा 'ठाक्' असा दणका बसला आणि भाची टाळ्या पिटत म्हणाली, "हाच! हाच असणार तुझा!"

"छे गं. हा फुकटचा डाव मिळाल्याचा ठोका. सगळ्या हॉलला ऐकू जायचा हा. माझा हळू होता."

मग जावयाने गेममध्ये टेबल उघडून बघायची सोय शोधून काढली. काच बाजूला करायची, बॉल नाही की घाई नाही. एकेक भाग बोटाने दाबल्यासारखा निवडायचा, की तो आपला आवाज करून दाखवतो. एका रविवारी दुपारी तिघांनी मिळून सगळं टेबल पालथं घातलं. घंट्या झाल्या, रबरं झाली, स्प्रिंगा झाल्या. टक, टकटक कुठेच नव्हतं.

"गेम करणारे ते टाकायला विसरले असतील," मावशी म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

"एवढं सगळं टाकलं आणि तेवढंच विसरले?" जावयाला तिचा हिरमोड बघवेना. "थांबा, आता मीच एक झक्कास डाव खेळतो. तुमचं टेबल शाबासकी कसं देत नाही ते बघू."

कसलं झक्कास! तिन्ही बॉल त्याने बघता बघता घालवले. "संपलं दुकान!" असं म्हणत त्याने कंट्रोलर टीपॉयवर ठेवला आणि उठता उठता, सहज, टीपॉयच्या काचेवर बोटांची पेरं वाजवली.

मावशी ताडकन उठून उभी राहिली. "परत करा."

"काय? डाव?"

"आत्ता हाताने केलंत ते."

जावयाने गोंधळून काचेवर परत वाजवलं. टक, टकटक.

"हळू," मावशी म्हणाली. त्याने हळू वाजवलं. मावशी खाली बसली. भाचीने पाणी आणून दिलं तर पेला हातात तसाच धरून राहिली.

"त्या टेबलावर काच असते," मग ती म्हणाली, आपल्याशीच बोलल्यासारखी. "मशीन नव्हतंच ते. माणूस होता."

"कोण माणूस?" भाचीने विचारलं.

कोण, हे मावशीला आता स्वच्छ दिसत होतं. दिवेलागणीला त्या टेबलावर एकच जण यायचा. दुकानांच्या पाट्या रंगवायचा तो. खोक्याच्या खिडकीशी येऊन नुसतं "दोन द्या" म्हणायचा. त्याच्या नखांत रोज वेगळा रंग असे, आणि मावशीला गप्प बसवतंय कुठे? ती विचारायची, "आज हिरवा का?" तो म्हणायचा, "दवाखाना." दुसऱ्या दिवशी लाल. "आज काय?" "खाटीक." एकदा नखं सोनेरी होती तर म्हणाला, "सराफ. पण उधळमाधळ करू दिली नाही." त्या दिवशी ती किती हसली होती! मग तो मागे जाऊन खेळायचा. डाव संपला की टक, टकटक. आणि आतून हिचं टोकन, टक टक. तेव्हा कुठे तो घरी जायचा.

"त्याला वाटत असेल, मी त्यालाच उत्तर देतेय," मावशी म्हणाली. "आणि मी आपली यंत्राला शाबासकी देत बसलेली. काय मूर्ख बाई गं मी!"

"असं काय म्हणतेस," भाची तिच्याजवळ सरकली. "तुला दिसत नव्हतं."

"पुढचं ऐक तरी. एका संध्याकाळी तो आला आणि 'दोन द्या' म्हणालाच नाही. नुसता उभा. मग म्हणाला, मी उद्यापासून यायचा नाही, दुसरीकडे काम मिळालंय, लांब आहे. मी टोकनं लावत होते. मी म्हटलं, 'बरं. किती देऊ?'" तिने पेला खाली ठेवला. "तो तरीही उभाच होता गं. मागे रांग लागली होती, मी पुन्हा विचारलं, 'किती देऊ?' तर म्हणाला, 'नको, आज खेळत नाही.' आणि गेला."

जावई टीव्हीचा आवाज बंद करायला उठला. पडद्यावरचा पाणबुड्या एकटाच दिवे लावत आणि विझवत होता.

"आणि दुसऱ्या दिवसापासून मी मिस्त्रीला शिव्या द्यायला लागले," मावशी म्हणाली, आणि तिला हसू आलं. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला आणि तो लवकर काढलाच नाही. भाचीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

थोड्या वेळाने भाचीनेच विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

"कोणाला माहीत. टोकनाला नाव कुठे लागतं?"

"शोधू या आपण. हो ना हो? पाट्या रंगवणारे असे कितीसे असणार? जुन्या दुकानदारांना विचारू. कोणीतरी ओळखत असेलच." भाचीच्या अंगात आता उत्साह संचारला होता. "दिसायला कसे होते ते सांग फक्त."

मावशीने सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. खोक्याची ती खिडकी बुटकी होती. समोर उभ्या माणसाचा शर्टाचा खिसा दिसायचा, कोपर दिसायचं, आणि फळीवर आलेला हात. दारातून येताना मागे उजेड, म्हणून नुसता काळा आकार. तिने डोळे मिटून पुन्हा पुन्हा बघितलं. त्या शेवटच्या संध्याकाळी तो खाली वाकलाही असेल, खिडकीतून आत बघितलंही असेल त्याने. तिचं लक्ष टोकनांकडे होतं.

"सांग ना," भाची म्हणाली.

"हात चांगले होते," मावशी म्हणाली. "फार चांगले हात होते."