मासा राहू द्या

मी स्कॉटलंडच्या विद्यापीठाला अर्ज पाठवला त्याच दिवशी आमच्या घरातला पॅसेज लांबला. स्वयंपाकघरापासून माझ्या खोलीपर्यंतचा. सुरुवातीला फार नाही. आईने नेहमीसारखी जेवायला हाक मारली, ती मला जरा उशिरा ऐकू आली, आणि मी टेबलापाशी पोचले तेव्हा वरण निवलं होतं.

"हाक मारली की लगेच येत जा गं शरू," आई म्हणाली.

"लगेचच निघाले होते."

तिने पॅसेजकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वरण परत गरम करायला ठेवलं.

आम्ही आयोवात राहतो. घरामागे मका, पुढे रस्ता, रस्त्यापलीकडे पुन्हा मका. बाबा विमा कंपनीत आहेत, आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. समुद्र कुठल्याही दिशेने गाडी हाकली तरी फार लांब. मला मात्र समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करायचा होता, आणि त्याला कारण आईच होती. ती देवगडकडची. मी लहान असताना ती दुकानातून गोठवलेला अख्खा मासा आणायची आणि साफ करण्याआधी मला ओट्यावर बसवून त्याचे कल्ले उघडून दाखवायची. "हे बघ, इथून तो पाणी गाळतो," असं सांगताना तिचा आवाज बदलायचा. हे सगळं मी अर्जासोबतच्या निवेदनात लिहिलं होतं.

शाळेतले सल्लागार मिस्टर हॉगन यांनी मला आधीच सांगितलं होतं, की अमेरिकेतली कॉलेजं तू कोण आहेस ते विचारतात, स्कॉटलंडमधली फक्त विषय विचारतात. पॅसेजचं मी त्यांच्याच कानावर घातलं.

"खोली घराच्या कुठल्या बाजूला आहे?" त्यांनी विचारलं.

"पूर्वेला."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.

थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला माझ्या खोलीत स्कॉटलंडची वेळ सुरू झाली. स्वयंपाकघरात सकाळचा चहा होत असायचा तेव्हा माझ्या खिडकीत दिवस कलायला लागलेला असायचा. खिडकीतलं मेपलचं झाड गेलं. त्या जागी आधी काळ्या दगडाची बुटकी भिंत आली आणि मग भिंतीपलीकडे समुद्र आला. राखाडी, सपाट, हलत असूनही आवाज न करणारा. मी आईला बोलावलं. ती हात पुसत पुसत आली. यायला तिला बराच वेळ लागला. खिडकीशी उभी राहून तिने दीर्घ श्वास घेतला, पुन्हा एकदा घेतला.

"याला वासच नाही," ती म्हणाली.

"काच बंद आहे ना."

"काचेने काय होतंय? आमच्या घरी तर चार भिंतींच्या आत यायचा." तिने भिंतीवरची ओली रेघ पाहिली. "आत्ता ओहोटी आहे. भरतीला पाणी खिडकीच्या वर जात असणार. पलंग इकडे ओढून घे."

आम्ही दोघींनी मिळून पलंग ओढला. तो माझ्या नेहमीच्या पलंगापेक्षा अरुंद झाला होता, म्हणून सहज सरकला.

खोली त्यानंतर भराभर बदलली. पुस्तकांचं कपाट होतं तिथे भिंतीत हात धुण्याचं भांडं आलं. भिंती जवळ आल्या. विजेच्या खाचांना तीन चौकोनी भोकं झाली, त्यांत माझा चार्जर बसेना, आणि मोबाइल बंद पडला तो पडलाच. शाळेची बस चुकायला लागली. मी कितीही लवकर निघाले तरी पॅसेज संपेपर्यंत बस गेलेली असायची, आणि खिडकीतून उडी मारून जाण्याची सोय आता राहिली नव्हती.

बाबा एकदाच आले. पॅसेज मोजायला त्यांनी टेप आणली होती. ती मध्येच संपली, तसे ते टेप तिथेच सोडून पुढे आले. धापा टाकत पलंगावर बसले आणि भांड्याकडे बघत राहिले.

"नळ दोन कशाला?"

"एक गरम, एक गार."

"मग कोमट पाण्याने हात धुवायचे असले तर?"

"तसे धुवायचे नाहीत."

त्यांनी मान हलवली. "मी ऑफिसात विचारून पाहिलं. घर पडलं, जळलं, वाहून गेलं, तर भरपाई आहे. वाढलं तर काही नाही." ते उठले. दारात वळून म्हणाले, "थंडी फार आहे गं इथे. स्वेटर घाल." त्यानंतर त्यांचं येणं झालं नाही. त्यांचा रक्तदाब आणि तो पॅसेज, दोन्ही एकत्र जमणारं नव्हतं.

आई मात्र येत राहिली. आधी ती ताट घेऊन यायची, मग ताटातलं गार व्हायला लागलं म्हणून डबा घेऊन, मग थर्मासही. चपला सोडून तिने हॉस्पिटलचे बूट घालायला सुरुवात केली. एकदा तिच्या काखेत गुंडाळलेली चटई दिसली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "वाटेत जरा पाठ टेकते." रात्रपाळीची सवय होती तिला, दमले असं ती कधी म्हणाली नाही. मी जेवत असताना ती खिडकीकडे पाठ करून बसायची.

"तुला जायचं आहे ना, तर जा," एक दिवस ती म्हणाली. "मी नको म्हटलंय का? बॅग भर, विमानात बस, आम्ही सोडायला येऊ, रडू, परत येऊ. सगळ्यांची मुलं तशीच जातात. पण हे घर कशाला ओढून नेतेस?"

"मी नाही नेत. आपोआप होतंय."

"आपोआप," ती म्हणाली, आणि डब्याची झाकणं एकेक करून लावली.

ती गेल्यावर दाराशेजारच्या भिंतीतला टेलिफोन वाजला. तिथे टेलिफोन आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. काळा, जड, वायरचा.

"मिस पारकर? मी मिसेस गिलख्रिस्ट, प्रवेश विभागातून." आवाज वयस्क होता, प्रेमळ होता, आणि अगदी जवळून येत होता. "तुमचं निवेदन वाचलं. छान आहे. त्यात एक वाक्य आहे, तुमच्या आई आणि एक मासा."

"हो."

"त्यातला मासा विषयाशी संबंधित आहे. मासा राहू द्या. आई काढावी लागेल."

"पण दाखवला तिनेच."

"ते आम्हाला कळलं. पण तुम्ही कुणाकडून शिकलात हे आम्ही विचारलेलं नाही, काय शिकलात ते विचारलंय. मी काढू का? तुम्ही नुसतं हो म्हणा."

खिडकीबाहेर भरती सुरू झाली होती. भिंत दिसेनाशी झाली आणि पाणी काचेला लागलं. काचेपलीकडून करड्या रंगाचा एक मासा माझ्याकडे बघत होता. त्याचे कल्ले उघडत होते, मिटत होते. इतक्या जवळून जिवंत मासा मी कधी पाहिला नव्हता. मला तो आणखी बघायचा होता. एवढंच माझ्या मनात होतं.

"हो," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आई आली नाही. त्यानंतरही आली नाही. मी दार उघडून पाहिलं तर पॅसेजचं टोक दिसत नव्हतं. पलीकडे स्वयंपाकघराचा उजेड असायचा तिथे आता नुसता अंधूकपणा होता, आणि तिकडून वारा येत होता. हाक मारली तर ती माझ्या तोंडातून निघून सरळ गेली; परत आली नाही. मी चालायला निघाले. बराच वेळ चालले, दम लागला म्हणून थांबले, मागे वळून पाहिलं तर माझ्या खोलीचं दार हातभर अंतरावर होतं.

भूक लागत नव्हती. रोज सकाळी दाराबाहेर कुणीतरी टोस्ट ठेवून जायचं, तो गार असायचा, आणि मी खायचे. मासा रोज येत होता. मी त्याच्या कल्ल्यांची चित्रं काढली. ती चांगली आली, आणि मला त्याचा आनंद झाला हेही खरं.

मग मिसेस गिलख्रिस्ट यांचा पुन्हा फोन आला.

"अभिनंदन, मिस पारकर. तुम्हाला प्रवेश मिळाला आहे. सशर्त."

"कोणती अट?"

"दार लावायचं. पॅसेजकडचं. घर दोन्हीकडे राहू शकत नाही, वसतिगृहाची सगळी इमारत गार पडते. वरच्या मजल्यावरच्या मुलांनी तक्रार केली आहे."

"लावलं तर परत उघडता येईल ना? नाताळात, सुट्टीत?"

"दार उघडतंच की," त्या म्हणाल्या. "पलीकडे काय असेल ते आमच्या हातात नाही. मी थांबते फोनवर. सावकाश करा."

मी रिसीव्हर खाली लोंबकळत सोडला आणि दाराची मूठ धरली. माझ्या खोलीत काळोख पडायला लागला होता. म्हणजे आयोवात सकाळ असणार, बाबा कारच्या काचेवरचं बर्फ खरवडत असणार. मी दार ओढायला लागले, तेव्हा पॅसेजमध्ये खूप लांबवर मला एक उजेड दिसला. टॉर्चचा, लहानसा. तो एका लयीत डुलत होता, हातात ओझं असलेल्या माणसाच्या चालीने. एका बाजूला थोडा जास्त डुलायचा. आई उजव्या पायावर जोर देऊन चालते.

"आई!" मी ओरडले. "आई, मी इथे आहे!"

उजेड थांबला नाही. माझी हाक अजून तिच्यापर्यंत पोचली नसणार.

खाली लोंबणाऱ्या रिसीव्हरमधून मिसेस गिलख्रिस्ट म्हणाल्या, "झालं का, मिस पारकर?"

माझ्या पायांना पाणी लागलं. ते खिडकीकडून आलं होतं, उंबरठा ओलांडून पॅसेजमध्ये शिरत होतं, आणि त्याला वास नव्हता. मी दार अर्धं ओढून धरून उभी राहिले आणि डोळे ताणून बघत राहिले. उजेड डुलत होता. तो इकडे येत होता की परत चालला होता, ते इतक्या लांबून कळत नव्हतं.