थंडीपुरती बंद

माझ्या सासरी कोणी कोणाला 'नाही' म्हणत नाही. लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा मला वाटलं, किती गोड माणसं आहेत ही! पुढे कळलं की गोड नाहीत, दरबारी आहेत. माझ्या नवऱ्याचे, मानसचे, पणजोबा संस्थानच्या खासगीत कारकून होते. त्यांची एक गोष्ट या घरात सत्यनारायणाच्या कथेइतक्या भक्तीने सांगतात. कोणा सरदाराला अंगात ताप असताना शिकारीला जायची हुक्की आली. त्याला 'नको' म्हणायची कोणाची छाती होईना. पणजोबांनी गुपचूप त्याच्या घोड्याचा नाल ढिला करून ठेवला. घोडा लंगडला, शिकार राहिली, सरदार वाचला आणि त्याचा मानही राहिला. गोष्ट संपली की सगळे समाधानाने माना डोलावतात. मी सोलापूरची. आमच्याकडे सरदाराला तोंडावर सांगितलं असतं, गप पडून राहा म्हणून.

बाबा, म्हणजे माझे सासरे कृष्णराव, सरकारी नोकरीतून केव्हाच निवृत्त झाले होते, पण त्यांची बुलेट निवृत्त व्हायला तयार नव्हती. जुनी, लोखंडी, किक मारून सुरू करायची. तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मानसला तर ती कधी सुरूच करता आली नाही, तो बिचारा स्कूटरवाला. बाबा रोज उजाडता उजाडता महूला जायचे, गोपीनाथकाकांकडे चहा घ्यायचे आणि परत यायचे. गोपीनाथकाका त्यांचे कॉलेजपासूनचे मित्र. थंडीत ही फेरी जास्तच कौतुकाची. स्वेटरच्या आत छातीवर कालच्या पेपरची घडी, वर जाकीट, माकडटोपी, त्यावर हेल्मेट. "वारा छातीला लागतो बेटा, बाकी अंगाला काही होत नाही," असं मला समजावायचे. परत आले की नाक लाल, डोळ्यांतून पाणी आणि चेहरा शाळा बुडवून आलेल्या पोरासारखा. मला ते फार आवडायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बरीच चिडणार आहे.

दिवाळीनंतर त्यांच्या छातीत दुखायला लागलं. तुकोगंजमधल्या डॉक्टरांकडे नेलं, तपासण्या झाल्या, हृदयात स्टेंट बसवली. डॉक्टर घरोब्यातले. त्यांनी मानसला आणि मला बाहेर पॅसेजमध्ये गाठलं आणि म्हणाले, "थंडी सरेपर्यंत गाडी बिलकुल बंद. पहाटेचा गार वारा आणि ती किक, दोन्ही नको. जिवावर बेतेल."

"मग तुम्हीच सांगा ना त्यांना," मी म्हटलं. "तुमचं ऐकतील."

डॉक्टर ओशाळं हसले. "अरे, कृष्णरावजींना मैं कैसे बोलूं? मानस, तू मुलगा आहेस. तू बघ काय ते."

जेवताना मानसने विषय काढला, तोही असा की विषयालाच लाज वाटावी. "बाबा, क्या है कि, या वर्षी ठंड जरा जास्त आहे. गाडीला थोडा आराम देऊन बघायचं का? झाकून ठेवू. फेब्रुवारीत काढू."

"गाडीला आराम दिला की ती आजारी पडते," बाबा म्हणाले. "कार्बोरेटर चिकटतो, टाकीला गंज धरतो. ठेवायची तर टाकी भरून ठेवावी लागते, स्टँडवर घ्यावी लागते, बॅटरी काढावी लागते. ती चालवायचीच वस्तू आहे. वाढ गं भात."

"हां, वो तो है," मानस म्हणाला, आणि विषय संपला. मी तोंड उघडणार, तर त्याने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला.

दोन दिवसांनी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. मानस वर आला आणि चिमटे हातात देत देत, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशा सुरात म्हणाला की त्याने फोनवर व्हिडिओ बघून बुलेटच्या टाकीखालची एक वायर काढून ठेवली आहे. दिवा लागेल, हॉर्न वाजेल, पण गाडी सुरू होणार नाही.

"अरे, पण डॉक्टर किक मारू नका म्हणाले ना?"

"दोन-तीन मारतील यार. नाही झाली की छोड़ देंगे. थंडीत गाड्या बंद पडतातच ना."

"आणि नाही सोडलं तर? सरळ सांग ना त्यांना, बाबा, जिवाला धोका आहे म्हणून! एक वाक्य आहे रे!"

"देवयानी, तू समझ नहीं रही. त्यांना घरात बसवणं म्हणजे..." त्याने एक चिमटा दोरीला लावला. "त्यांना आपणहून बसू दे. प्लीज, तू मत बोलना. मी बघतो." आणि बघतो म्हणजे त्याने खरंच बघायलाच घेतलं. रोज सकाळी उठून बैठकीच्या खिडकीच्या पडद्याआड उभा राहायचा. बाबा दमले तर लगेच धावता यावं म्हणून, असं त्याचं म्हणणं. पुढे होऊन सांगायचं मात्र नाही.

बाबा रोज तसेच तयार होऊन पोर्चमध्ये यायचे. पेपरची घडी, जाकीट, टोपी, सगळं. इंजिनावरची जुनी सतरंजी काढायचे, किक मारायचे. एक. मग थांबून दुसरी. कधी तिसरी. मग सतरंजी परत नीट पांघरून आत यायचे. "आज भी नहीं. थंडीने धरलंय तिला," म्हणायचे.

"हां बाबा, ठंड बहुत आहे ना," मानस पेपर वाचत असल्यासारखं करून म्हणायचा. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पुढे चहा ठेवायच्या.

माझं डोकं फिरायचं. एवढी शिकलेली माणसं, एकमेकांवर जीव टाकणारी, आणि घरात हे रोजचं नाटक! शेवटी एका सकाळी मी तशीच पोर्चमध्ये गेले. धुकं इतकं होतं की समोरचं फाटक दिसत नव्हतं. बाबांचा पाय किकवर होता. मी म्हटलं, "बाबा, नका मारू. ही गाडी सुरू होणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वायरचं मी पुढे सांगणारच होते, तर त्यांनी हाताने थांबवलं. "होईल बेटा," ते म्हणाले. "थंडी सरू दे, होईल. तू अशी अनवाणी काय आलीस? फरशी बघ किती गार आहे. जा आत." मला वाटलं, म्हाताऱ्याला कळतच नाहीये. मी पाय आपटत आत आले आणि मानसला म्हटलं, "संक्रांतीला सगळे घरी असतील. तेव्हा सगळ्यांसमोर मी सांगणार. तुला काय वाटायचं ते वाटू दे." तो बरं म्हणाला. या घरात तेवढंच म्हणतात.

संक्रांत आलीच नाही. म्हणजे आली, पण आमच्याकडे नाही. आदल्या सकाळी आई तीळ भाजत होत्या, मी गूळ चिरत होते. बाहेर पहिली किक ऐकू आली, मग दुसरी. त्यानंतर मानसची जी हाक आली, ती मी जन्मात विसरणार नाही. आम्ही धावलो. बाबा हँडल धरून पुढच्या चाकापाशी खाली बसले होते, हेल्मेट अजून डोक्यावर होतं. मानस त्याचा पट्टा सोडवत होता आणि तो सुटत नव्हता. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. घरी परतलो तेव्हा कढईतले तीळ जळून कोळसा झाले होते.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. सगळे एकच म्हणायचे, भाग्यवान, आपल्या गाडीपाशी गेले. मानस मान हलवायचा. त्याने कोणालाच काही सांगितलं नाही, आणि त्याच्याकडे बघून माझीही जीभ उचलेना. त्याच्यावर मला राग होता, भयंकर राग होता. पण बुडणाऱ्याला काठावरून दगड कोण मारतं?

दहाव्याच्या आदल्या दुपारी आई आणि मी बाबांचे लोकरीचे कपडे आवरत होतो. करड्या स्वेटरची घडी घालता घालता आई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यांना ठाऊक होतं हो."

"काय?"

"वायर काढल्याचं. पहिल्याच दिवशी कळलं त्यांना. त्या गाडीच्या दिव्यावर करंटचा एक काटा आहे बघ, किक हळूच दाबली की तो हलतो. चाळीस वर्षं मागे बसले मी, मलासुद्धा माहीत आहे. त्या दिवशी आत आले आणि म्हणाले, काटा हलत नाही, पोराने वायर काढली वाटतं. आणि हसले. गाडी जरा खोकली तरी पाने घेऊन बसणारा माणूस तो. महिनाभर एकदा तरी पाना हातात घेतला का त्यांनी?"

नव्हता घेतला. आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"मग किक का मारत होते, आई?" माझा आवाज चढला. "कशासाठी?"

"मानस खिडकीतून बघतो म्हणाले. पोराने एवढी खटपट केली माझ्यासाठी. एकदम सोडून दिलं तर त्याला कळेल की मला कळलं, मग तोंड लपवत फिरेल. रोज दोन किका मारतो, हळूहळू कमी करतो, संक्रांतीनंतर म्हणेन, जाऊ दे, आता जमत नाही." आईंनी स्वेटर पिशवीत ठेवला. "उगाच दमू नका, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्यांना कधी नको म्हटलेलंच नाही मी. मानसला सांगू नकोस हं."

मला ओरडावंसं वाटलं. मी उठून न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले.

तेराव्यानंतर गोपीनाथकाका महूहून आले. बुलेट त्यांच्याकडे न्यावी, निदान चालती राहील, असं आईच म्हणाल्या होत्या. काकांनी सतरंजी काढली, वाकून टाकीखाली पाहिलं. सुटलेली वायर त्यांनी बोटात धरली, मग एकदा मानसकडे पाहिलं, बराच वेळ. "चूहे ने निकाला होगा भिया," ते म्हणाले. "सर्दियों में घुस जाते हैं." वायर जोडली, काटा बघितला आणि एक किक मारली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. तो आवाज पोर्चमध्ये भरला तसा मानस भिंतीला टेकला. काका गाडी घेऊन गेले, आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला, मग तोही गेला.

जिथे गाडी उभी असायची तिथे तेलाचा डाग होता. त्याकडे बघत मानसने विचारलं, "देवयानी, त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. या घराला शोभेल असं माझं ते पहिलंच उत्तर. मला वाटलं, त्याला जरा बरं वाटेल.

तो पायरीवर बसला आणि हमसून रडायला लागला. "म्हणजे पायातला जोर गेला असं समजून गेले ते. रोज वाटत असेल त्यांना, गाडी ठीक आहे, मीच संपलो. माझ्यामुळे."

हे मात्र मला ऐकवेना. बाबा असं समजून गेले नव्हते, आणि निदान एवढं तरी त्याला खरं मिळायला हवं होतं. मी त्याच्याशेजारी बसले आणि सगळं सांगितलं. काटा, न उचललेला पाना, रोजच्या दोन किका, त्या कमी करायचा बेत.

त्याचं रडणं थांबलं. "माझ्यासाठी मारत होते?"

"तू खिडकीत असायचास म्हणून."

त्याने मान वर करून खिडकीकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "म्हणजे मी एक दिवस जरी खिडकीत उभा राहिलो नसतो..."

मी त्याचा हात धरला, तो बर्फासारखा गार होता. आतून आईंची हाक आली. "मानस? काय रे, काय झालं?"

त्याने बाहीने तोंड पुसलं, घसा खाकरला. "काही नाही आई," तो म्हणाला. "गाडीचं बोलत होतो, बस."

"बरं," आई आतून म्हणाल्या. "थंडीत बसू नका बाहेर. चहा टाकलाय."