केशरबाईंचं माहेर आणि डोझरची पिन

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बाया ओसरीवर, पोरं चिंचेवर, आणि मधोमध पंडितरावांचा चेनवाला जुना डोझर. चेनच्या दोन पिना महिनाभर अडकलेल्या. दोन घणांचे दांडे मोडले, पिना जागच्या हलल्या नाहीत.

लोहसिद्ध महाराजांनी परवाच पिनेवर तीर्थ शिंपडलं होतं. आज पिन ज्या कडीत अडकली होती, तिच्याखाली होम पेटवला. जाळ एकदम भडकला. देवी आली, म्हणत बाया वाकल्या. मग थर्मासातलं ‘हिमालयजल’ पिनेवर. चेल्यानं ‘गदा’, म्हणजे घणच, उचलली.

ठण.

पिन बाहेर.

“दुसरी सुटायची न्हाई,” महाराज म्हणाले. “तिच्यावर घरच्या बाईची छाया हाय. बाईनं सव्वा वर्ष माहेरी राहावं.”

सगळे केशरबाईंकडे बघू लागले. बावीस वर्षं संसार केलेला नवरा, पंडितराव, स्वतःच्या चपलांकडे.

“पिशवी भरू का मंग?”

“महाराज म्हणायलेत,” पंडितराव पुटपुटले.

“सकाळचा चहा कोण करील तुमचा?”

हा मुद्दा पंडितरावांना सुचलाच नव्हता.

केशरबाईंनी तीर्थाचा तांब्या हुंगला. कापराच्या आड डिझेल. थर्मास हलवला. आत बर्फ खुळखुळला. त्यांना हसू आलं.

“दोन दिवस द्या. माहेरची, गंगाखेडची बस रोजच हाय.”

*

साहित्य (दुसऱ्या पिनेसाठी):
डिझेल, दोन दिवस मुरवलेलं.
कोळशाची शेगडी.
बर्फ.
घण.
मंत्र चवीपुरता.

*

तिसऱ्या दिवशी तीच गर्दी. केशरबाईंनी आधी डिझेल नीट पुसलं, मगच कडीखाली शेगडी सरकवली. जाळ भडकला नाही, देवी आली नाही.

“मंत्राशिवाय लोखंड ऐकत न्हाई,” महाराज म्हणाले.

“म्हणते की.” कडी चांगली तापल्यावर त्यांनी पिनेवर बर्फ धरला आणि डोळे मिटले. “हिरव्या मिरच्या भाजाव्या. लसूण सोलावा. शेंगदाणे कुटावे. मीठ घालावं. अहो, हाणा आता.”

पंडितरावांनी घण हाणला.

ठण.

पिन घरंगळत महाराजांच्या खडावांशी जाऊन थांबली.

“ठेच्यानं सुटली?” शेजारचा गोपाळ म्हणाला.

“पेले अडकतात ना एकात एक? बाहेरचा गरम पाण्यात धरायचा, आतल्यात गार पाणी घालायचं. बाहेरचा फुगतो, आतला आकसतो. हितं गंजही होता, म्हणून आधी डिझेल मुरवायचं.”

महाराजांनी थर्मास उचलला.

“बर्फ ठिवून जा,” केशरबाई म्हणाल्या. “लय माणसं हायत, सरबत करते.”

ओसरीच्या मागं स्टोव्ह फरफरला. पंडितराव चहा करायला शिकत होते.

तर मंडळी, कुठं काही अडलं तर आधी वास घ्या, हात लावून बघा, आणि असं का झालं ते विचारा. कुणाच्या बायकोला माहेरी धाडायच्या आधी घरातले चार पेले तरी एकदा स्वतः धुऊन बघा.