चार मिनिटांचं पाणी

फोडी अकरा, बिया सात, आणि साल चार तुकड्यांत. वर्षालीने चारही तुकडे रुमालात बांधले. समोर टाकायला ताटली होती, तरी ते का बांधले हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं... नाही, आलं असतं. संत्र्याची साल तरंगते.

"जा आता, याच्यासंगं पवनार पाहून ये," सुलोचनाबाई म्हणाल्या. वर्षाली जे स्थळ पाहायला आली होती त्या निकेशच्या या मोठ्या काकू, पण तो त्यांना मोठी आई म्हणायचा. "नदी पाहा, पूल पाहा, नहर पाहा. नहरीवर तो द्रोणाची गोष्ट सांगनच. येनाऱ्या-जानाऱ्या साऱ्यायले सांगते."

"मोठी आई, काऊन माही इज्जत काढून राह्यली?" निकेश हसला.

साऱ्यायले... हा शब्दही वर्षालीने बांधून घेतला.

ओसरीवर वर्षालीचे बाबा बसले होते. मुलाचं घर पाहायला मुलीने स्वतः यावं हे त्यांनाच अवघड वाटत होतं, पण देवळीहून निघताना एसटीत ते हळूच म्हणाले होते, "तुह्या मनात असंल तरच सुपारी फुटन. मागचं झालं थे पुरे." मागचं म्हणजे ते नागपूरचं स्थळ. पक्की नोकरी. साखरपुड्यानंतर कळलं की नोकरी सुटून आठ महिने झाले होते, आणि त्या आठ महिन्यांत तो रोज फोनवर कॅन्टीनमध्ये कोणती भाजी होती तेही सांगायचा – सोमवारी वांगं, मंगळवारी चवळी – आणि ती, रसायनशास्त्रात एमएस्सी झालेली, ते ऐकून हसायची. तपशील खऱ्यापेक्षा खोट्यालाच जास्त लागतो, हे तिला तेव्हा कळलं.

निकेशकडे तपशील भरपूर होते. धाम नदीच्या काळ्या खडकांवर उभा राहून तो सांगत होता की जुनी राजधानी इथेच होती, नांगराला अजून विटा लागतात, पावसाळ्यात जुना पूल बुडतो. खांबावरची तांबडी रेघ दाखवून तो म्हणाला, "माझ्या जन्माच्या वर्षी पाणी इथवर आलतं."

"रंग ताजा दिसतो."

"दरवर्षी पुरात पुसते, दरवर्षी लावतो. लावनारा मीच."

उत्तर तयार होतं. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असायचं. मोटारी दुरुस्त करणारा माणूस, बिघाड कुठे दडतो ते याला बरोबर ठाऊक असणार – आणि कुठे दडवता येतो तेही?

नहरीवर, म्हणजे कालव्यावर, दोन छोटे पूल होते. वरच्या पुलावर थांबून त्याने गोष्ट सांगितली, फोनवर सांगितली होती तशीच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्याचे बाबा वरच्या पुलावरून पळसाच्या पानाचा द्रोण सोडायचे, आणि लहानगा निकेश काठाने धावत जाऊन खालच्या पुलाशी तो पकडायचा. "चार मिनिटं. बाबांच्या घड्याळात. बाबा गेले, पण पाणी अजून चार मिनिटांतच येते."

वर्षालीने येतानाच दोन पुलांमधली पावलं मोजली होती. तीनशे ऐंशी. म्हणजे सव्वादोनशे मीटरच्या वर, सेकंदाला जवळजवळ एक मीटर... मातीच्या कालव्यात इतका वेग? काठ टिकले नसते.

"तुम्ही खाली जा," ती म्हणाली. "मी इथून साल सोडते. सोडताना ओढणी हलवीन, खालच्या पुलाखाली आली की तुम्ही रुमाल वर करा. वेळ तुम्हीच मोजा, माझं घड्याळ बंद पडलंय."

घड्याळ मनगटावर, बाहीखाली, नीट चालू होतं.

"हो," तो म्हणाला आणि काठाने निघाला. लहानपणी धावायचा त्याच वाटेने, पण आता चालत.

तो खालच्या पुलावर पोचल्यावर तिने साल सोडली, बाहीखाली घड्याळाची कळ दाबली, ओढणी हलवली. नारिंगी ठिपका पाण्यावर एकदा गिरकी घेऊन सरळ झाला. एक मिनिट. दोन. ठिपका दिसेनासा झाला, दूरवर फक्त त्याचा निळा शर्ट उरला. आता त्याला काहीही सांगता येईल. चार होताच त्याने रुमाल वर केला की झालं – आणि तो करणारच, गोष्ट त्याच्या बापाची आहे. मग मी मोकळी. मग ओसरीवर जाऊन बाबांकडे नुसतं पाहायचं...

साडेतीन. तिला जाणवलं की आपण त्याने खोटं करावं म्हणून वाट पाहतोय. श्वास धरून, अगदी प्रार्थना करावी तशी. चार. रुमाल खालीच. चार-दहा. शर्ट हलला, तो कठड्यावरून वाकून पाण्यात पाहत होता. पाच. सकाळपासून किती खोटं झालं? मोजायचंच तर एक. ते कोण बोललं होतं?

सहा. अजून नाही. तिला आता पाण्याचीच घाई झाली होती...

रुमाल वर गेला. बाहीखाली तिने पुन्हा कळ दाबली, आणि तिथे न पाहता उभी राहिली.

तो काठाने परत येत होता, हळू. कुणाची तरी वस्तू हातून हरवावी तसा त्याचा चेहरा झाला होता.

"सहा मिनिटं चाळीस सेकंद," तो म्हणाला. "चार नाई आलं."

तिने बाही वर सारली, त्याला दिसेल अशी, आणि मनगट दोघांच्या मध्ये धरलं.

सहा मिनिटे, एकेचाळीस सेकंद.