ओल्या पिशव्या

नखं कापायच्या कात्रीने तिने पहिल्या पिशवीची शिवण उसवायला घेतली. टाके इतके बारीक होते की कात्रीचं टोक आत शिरेना. मुठीत मावेल एवढी कापडी पिशवी, तिच्या पोटात झाडाची मुळं, आणि बांधलेल्या तोंडातून वर आलेला गुबगुबीत पानांचा झुबका. खोक्यात अशा अकरा होत्या. निळ्या चौकटीचं कापड तिच्या ओळखीचं होतं. सातवीपर्यंत ती त्याच कापडाचा फ्रॉक घालून शाळेत गेली होती.

शिवण सुटली आणि वास आला. फुलदाणीतलं पाणी आठवडाभर बदललं नाही की येतो, तसा. पिशवी ओलीचिंब होती. तिने झाड हलकेच वर उचललं, तर झुबका हातात आला आणि मुळं पिशवीतच राहिली.

"बाऊ झाला?" टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकून तिच्या लेकीने, ठकीने विचारलं.

"थोडासा," ती म्हणाली आणि अडीच वर्षांच्या त्या हनुवटीपासून कात्री लांब सरकवली.

तेवढ्यात फोन वाजला. बाबाच असणार हे तिला माहीत होतं.

"पोचली का माझी पोरं?"

"आत्ताच पोचली, बाबा."

"तहानेनं जीव नाही ना गेला कुणाचा? सहा दिवस प्रवास म्हणजे चेष्टा नाही. म्हणून प्रत्येकीला ओली पिशवी शिवून दिली. वरून प्लास्टिक. एक थेंब बाहेर जाऊ दिला नाही मी."

काढलेल्या प्लास्टिकच्या आतल्या बाजूने घाम फुटावा तसे थेंब जमले होते. तिने ते चुरगाळून मुठीत घेतलं.

"छान शिवल्यात," ती म्हणाली.

"छान काय, दुहेरी शिलाई आहे! आणि सगळी हातानं. मशीनवर बसवत नाही ना हल्ली."

त्या हल्लीचं कारण दोघांनाही ठाऊक होतं. बाबांनी बेचाळीस वर्षं पायाचं शिलाई मशीन चालवलं. साखर कधीपासून होती ते त्यांनाही सांगता आलं नसतं, पण गेल्या महिन्यात नव्या चपलेचा पट्टा चावला आणि उजव्या पायाचा अंगठा काळा पडला. अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. बाबा म्हणाले, दोन दिवस बघू. त्या दोन दिवसांचे आता बारा झाले होते. गच्चीचा जिना चढवेना, म्हणून गच्चीवरची सगळी सक्युलंट, पानांतच पाणी साठवणारी ती झाडं, त्यांनी तिच्याकडे पाठवून दिली होती. आमच्या घरात झाडांची डॉक्टर आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. तिने वनस्पतीशास्त्रात पदवी घेतली होती, एवढाच त्याचा अर्थ. पुढे ना नोकरी झाली ना आणखी काही.

"थोरली कशी आहे?" बाबांनी विचारलं.

थोरली म्हणजे अकरांतली सर्वांत मोठी. आईने कुणाच्या तरी कुंडीतून मागून आणलेल्या एका पानातून ती वाढली होती. आईला जाऊन चार वर्षं झाली, पण थोरली ताटलीएवढी झाली होती. तिची पिशवी लाल अस्तराची होती. आईच्याच कुठल्यातरी ब्लाउजचं असावं.

"मस्त आहे," तिने न उसवताच सांगितलं.

त्या संध्याकाळी तिने घरभर वर्तमानपत्रं पसरली. मूळकुज. परीक्षेत या शब्दावर तिने दोन पानं लिहिली होती. कुजलेला भाग पूर्ण काढावा, हत्यार दर वेळी स्पिरिटने पुसावं, कापाची जागा कोरडी होऊ द्यावी. देठाचा काप आतून हिरवट पांढरा दिसला की तिथे थांबायचं. तपकिरी ठिपका दिसला की अजून वर कापायचं. लिहायला सोपं होतं.

तिने नाण्याइतकी पातळ चकती कापली. मधोमध ठिपका. आणखी एक चकती. ठिपका किंचित लहान झाला. तिसरी कापताना झाडाची खालची पानं गळून पडली आणि तिचा हात थांबला. एवढ्याने भागेल, असं तिला वाटलं. ठिपका अगदी मोहरीएवढा तर होता. प्रत्येक झाडाचं तेच. सकाळपर्यंत ठिपका देठभर पसरलेला असे. मग ती पुन्हा एक पातळ चकती कापे, पुन्हा थांबे, आणि दुसऱ्या दिवशी झाड कचऱ्याच्या डब्यात जाई.

"मी कुठे बसू, उजेडात की सावलीत?" कामावरून आलेल्या नवऱ्याने कोचावर, खुर्च्यांवर मांडलेली झाडं बघून विचारलं. तिला हसू आलं नाही. त्याने बूट हातात घेऊन वर्तमानपत्रांमधून वाट काढली.

तिला झोपही धड लागत नव्हती. ठकीच्या कपाळाला हात लावून बघायची तिची सवय जुनीच होती, आता ती कपाळ झालं की झाडं चाचपत फिरे. सोमवारी बाबांचा फोन आला, तेव्हा पाच गेली होती. थोडी मऊ पडलीत, एवढंच तिने त्यांना कळवलं होतं.

"कापावं लागलं का कुणाला?" त्यांनी विचारलं. विचारताना आवाज जरा खाली गेला होता.

"नाही, बाबा. नुसती कोरडी ठेवलीत. सुधारतायत."

"नक्की?"

"नक्की."

पलीकडे त्यांनी सोडलेला श्वास तिला ऐकू आला. या माणसाला आत्ता एक तरी बरी बातमी हवी, एवढाच विचार तिने केला होता.

थोरलीला तिने सुरी लावलीच नव्हती. लाल पिशवी उसवली तेव्हा तिचीही मुळं अस्तराला चिकटून राहिली होती, पण वरून बघितलं तर एकही पान हललेलं नव्हतं. कडा गुलाबी, मधला कोंब घट्ट मिटलेला. व्हिडिओ कॉलवर ती बाबांना थोरली वरूनच दाखवत असे. खालून बोटाने दाबल्यावर देठ किंचित मऊ लागला होता. दोन दिवस बघू, असं स्वतःशीच म्हणून तिने ती खिडकीत ठेवून दिली होती.

बुधवारी दुपारी ठकीला भरवत असताना दादाचा फोन आला.

"तू बाबांना काय सांगून ठेवलंयस?"

"कशाबद्दल?"

"सकाळी डॉक्टर येऊन गेले. अंगठ्याच्या पुढे गेलंय म्हणाले. आता नुसत्या अंगठ्यावर भागेल असं वाटत नाही. तर बाबा त्यांनाच शिकवायला लागले. माझ्या मुलीनं अकरा झाडं वाचवली, एकही कापलं नाही, नुसती कोरडी ठेवली. शिकलेली आहे ती. तुम्ही पावडर द्या, पट्टी सैल बांधा, मीही वाळवतो."

तिच्या हातातला चमचा वाटीवर टेकला.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"हसले आधी. मग हसायचे थांबले. सहीचे कागद बाबांनी उशाखाली घातलेत. माझा घसा बसला ओरडून, तुझ्या वहिनीनं रडून बघितलं. म्हणतात, तिला विचारा, ती म्हणाली तर करतो सही. तू फक्त कर म्हण. एवढं एक काम कर."

"आज सांगते," ती म्हणाली.

"आज नाही, आत्ता सांग."

तिने ठकीचं तोंड पुसलं, तिला खेळण्यांत बसवलं आणि खिडकीतून थोरली उचलली. अंगठा देठात रुतला. अगदी सहज, पिकल्या फळात जावा तसा. तरीही वरून एक पान हललेलं नव्हतं. तिने फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा केला आणि बाबांचा नंबर लावला.

पडद्यावर बाबांचा चेहरा आला, नेहमीसारखा फार जवळून, अर्धा कपाळानेच भरलेला. पाय कुठे होता ते दिसत नव्हतं.

"काय, डॉक्टरीणबाई!"

"बाबा, सही करा."

 ते हसले.

"दादानं पढवलं वाटतं. अगं, तूच तर दाखवून दिलंस. वाळलं की बरं होतं."

"बाबा, सही करा ना."

"आणि मग ती अकरा कशी वाचली?"

 तिने कचऱ्याचा डबा ओढून कॅमेऱ्यासमोर धरला. आत काळे देठ, पाणी सुटलेली पानं, निळ्या चौकटीचे तुकडे. बाबा पडद्याच्या आणखी जवळ आले. त्यांचा एकच डोळा दिसू लागला.

"थोरली?" त्यांनी विचारलं.

तिने थोरली उचलली. या वेळी आडवी धरली. देठ दिसला, त्यात तिच्या अंगठ्याने पडलेला खड्डा दिसला.

"काप," बाबा म्हणाले. "माझ्यासमोर."

तिने सुरी पुसली आणि पेरभर कापलं. आत तपकिरी.

"अजून वर घे."

पुन्हा तपकिरी.

"अजून."

तिसऱ्या कापाला देठ संपला. मिटलेला कोंब उघडा पडला, त्याच्याही बुडाशी ठिपका होता, आणि मग सगळी पानं एकामागून एक तिच्या तळहातावरून टेबलावर निसटली. गुलाबी कडा तशाच ताज्या दिसत होत्या. ठकी खेळ सोडून आली आणि टेबलाला धरून बघत राहिली.

"पाणी मीच घातलं होतं," बाबा म्हणाले.

"मी वेळेवर कापली नाही, बाबा. मला धीर झाला नाही."

"कधी कापायला हवी होती?"

"शनिवारी. खोकं उघडलं तेव्हाच."

"तेव्हा कापली असतीस तर किती गेली असती?"

तिने अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ आणली. मधे जेमतेम एका पेराचं अंतर राहिलं. ते अंतर तिने कॅमेऱ्यासमोर धरलं. बाबा बघत राहिले. कापड हातात घेतलं की ते असेच बघत, मापाची टेप न लावता.

मग पडद्यावरचं चित्र डुचमळलं. त्यांनी फोन अंथरुणावर उताणा ठेवला असावा, कारण तिला आता फक्त छत दिसत होतं आणि फिरणाऱ्या पंख्याची पाती. उशी सरकल्याचा, कागद ओढल्याचा आवाज आला.

"अरे," बाबांनी दादाला हाक मारली. आवाज मोठा नव्हता. "त्या डॉक्टरांना विचार, आज कुठपर्यंत म्हणतायत ते."

तिने फोन बंद केला नाही. टेबलावर कापण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी स्पिरिटचा बोळा घेऊन ती सुरीचं पातं पुसत राहिली.